धर्मग्रामाचे चर्च स्वतःच्या पायावर: दान, हिशेब आणि शेजार

अर्पणाची थाळी हलकी होऊ लागली की चर्चच्या बैठकीत दोन सूचना हमखास येतात. एक, मोठा कार्यक्रम किंवा सोडत ठेवू. दुसरी, फादरांनी रविवारी जरा कडक बोलावे. दोन्हींनी थोडेफार पैसे जमतात आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा तीच बैठक भरते. मूळ दुखणे वेगळेच असते. चर्च चालवायला किती लागते हे लोकांना कोणी कधी सांगितलेले नसते, आणि दिलेले पैसे कुठे गेले हे त्यांना दिसत नसते.

म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी खर्चाचा खरा आकडा, मग पैशांची मोजणी आणि हिशेब, आणि त्यानंतरच मागणे. चर्चच्या भिंतीबाहेरचे काम मात्र पहिल्या दिवसापासून, पैसे जमण्याची वाट न पाहता. कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश) असो की प्रोटेस्टंट मंडळी, समित्यांची नावे बदलतात, कामाची पद्धत फारशी बदलत नाही.

एका रविवारचा खर्च काढा

मागच्या तीन वर्षांच्या वह्या घ्या. धर्मगुरूंचा निर्वाह, कर्मचाऱ्यांचे पगार, वीज-पाणी, विमा, उपासनेचे साहित्य, धर्मप्रांताला (बिशपांच्या विभागाला) जाणारा वाटा, किरकोळ डागडुजी आणि गरजूंना मदत असे आठ रकाने पाडा. प्रत्येक रकान्याची तीन वर्षांची सरासरी न घेता शेवटच्या वर्षाचा आकडा धरा, मागची दोन वर्षे फक्त चढ पाहण्यासाठी. एखादा खर्च एकाच वर्षी अचानक फुगला असेल तर त्याचे कारण समासात लिहून ठेवा. समितीतला कोणीतरी ते विचारणारच.

इथे बहुतेक ठिकाणी एक चूक होते: वहीत जे आले तेवढेच खर्च धरतात. छप्पर यंदा बदलले नाही म्हणून छपराचा खर्च शून्य नसतो, छप्पर यंदाही एका वर्षाने म्हातारे झालेले असते. त्यासाठी वेगळा कागद करा. मोठ्या गोष्टींची यादी, आजच्या भावाने बदलण्याचा खर्च, आणि त्या अजून किती वर्षे टिकतील याचा जाणकाराने दिलेला अंदाज. खर्चाला वर्षांनी भागा.

चलन कोणतेही असू द्या, समजा चर्चचा नेहमीचा वार्षिक खर्च १००० भाग आहे. छपराला ६०० भाग लागतील आणि ते १५ वर्षे टिकेल, म्हणजे वर्षाला ४०. वायरिंग १५० भाग, १० वर्षे, म्हणजे १५. ध्वनियंत्रणा ६० भाग, ६ वर्षे, म्हणजे १०. रंगकाम १०० भाग, दर ५ वर्षांनी, म्हणजे २०. हे झाले ८५. तुमचा खरा वार्षिक खर्च १००० नसून १०८५ आहे. त्याला ५२ ने भागले की साधारण २१ येतात. एक रविवार म्हणजे २१ भाग.

हा एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ झाला पाहिजे. वार्षिक ताळेबंद वाचून दाखवला तर चौथ्या ओळीला लोकांचे लक्ष उडते, पण "एका रविवारला २१ लागतात, गेल्या रविवारी १६ आले" हे शाळकरी पोरालाही कळते. शिवाय यात कोणावर ठपका येत नाही, नुसती वस्तुस्थिती समोर येते.

हातात किती शिल्लक असावी? तीन महिन्यांचा रोजचा खर्च भागेल इतकी. त्याहून कमी असेल तर एखादा मोठा सभासद गाव सोडून गेला की पगार अडतात. त्याहून खूप जास्त साठवून ठेवली आणि तरीही मागत राहिलात तर लोक विचारतील की मग मागता कशाला, आणि ते विचारणे रास्तच आहे.

मोजणीचे टेबल

रविवारच्या अर्पणाचे पैसे थाळीतून बँकेत जाईपर्यंतचा प्रवास हा सगळ्या विश्वासाचा पाया आहे. कोणी चोर आहे असे समजून नियम करायचे नसतात. उद्या कोणी बोट दाखवलेच तर प्रामाणिक माणसाला स्वतःच्या बचावासाठी कागद हवा, यासाठी ते असतात.

मोजायला तीन जण बसावेत आणि ते एकाच घरातले नसावेत. नवरा-बायको, बाप-लेक ही जोडी चालत नाही. बारा माणसांच्या चार तुकड्या केल्या की प्रत्येकाची पाळी चार आठवड्यांतून एकदा येते आणि कोणाचाही रविवार कायमचा जात नाही. उपासना संपताच थाळ्या एका अनुक्रमांक असलेल्या पिशवीत रिकाम्या करून तिचे तोंड दोघांसमोर बंद करायचे. पिशवी एकट्या माणसाने उचलून नेऊ नये, सॅक्रिस्टीपर्यंतच्या (उपासनेच्या तयारीच्या खोलीपर्यंतच्या) वीस पावलांसाठीसुद्धा नाही.

टेबल मोकळे हवे. त्यावर कोणाची पर्स, पिशवी, स्वतःचे पैसे नकोत. दार आतून बंद. आधी पाकिटे, म्हणजे सभासद घरांना दिलेली क्रमांकाची अर्पण-पाकिटे, वेगळी काढायची. प्रत्येक पाकीट फोडून आतली रक्कम पाकिटावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. पाकिटावर ५० लिहिलेले आणि आत ४० निघाले तर नोंद ४० ची होते, पाकिटावर लाल पेनाने ४० लिहून दोघे सही करतात आणि ते रिकामे पाकीट वर्षभर जपून ठेवतात. मोजणाऱ्याने त्या घरी फोन करायचा नाही, ते काम पाकिटांची नोंद ठेवणाऱ्याचे. मग सुट्या नोटा मूल्याप्रमाणे, नाणी दहा-दहाच्या चळतीत. एकाने मोजायचे, दुसऱ्याने उलट्या क्रमाने पुन्हा मोजायचे, तिसऱ्याने लिहायचे. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजा. स्वतःच्या खिशातून घालून आकडा जुळवणे हा भलेपणा वाटतो, पण त्याने वही खोटी होते.

मोजणीचा कागद दोन प्रतींत असतो. तारीख, उपासनेची वेळ, पिशवीचा क्रमांक, प्रत्येक मूल्याची संख्या, पाकिटांची बेरीज, धनादेश, एकूण, आणि तीन सह्या. एक प्रत पैशांबरोबर जाते, दुसरी खजिनदाराकडे न जाता सचिवाकडे. बँकेत भरणारा माणूस आणि वही लिहिणारा माणूस वेगळा हवा. पैसे लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरा. महिन्याच्या शेवटी या दोघांशिवाय तिसऱ्या कोणीतरी मोजणीचे कागद आणि बँकेच्या पावत्या शेजारी ठेवून एकेक खूण करायची. अर्ध्या तासाचे काम आहे, पण बहुतेक गैरव्यवहार याच अर्ध्या तासाअभावी वर्षानुवर्षे दडून राहतात.

अर्पणातून परस्पर खर्च करणे पूर्ण बंद करा. फुलवाल्याला थाळीतून पैसे दिले की उत्पन्नही कमी दिसते आणि खर्चही. आलेले सगळे आधी बँकेत, मग बिल पाहून बाहेर. आणि चर्चसाठीचे पैसे कोणत्याही कारणाने कोणाच्याही वैयक्तिक खात्यात येता कामा नयेत, धर्मगुरूंच्या तर मुळीच नाही.

दारावर क्यूआर कोड लावला असेल तर दर रविवारी उपासनेआधी एकाने तो स्वतःच्या फोनवर स्कॅन करून चर्चचेच नाव येते का हे पाहावे. मूळ कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याची फसवणूक सोपी आहे आणि ती लक्षात येईपर्यंत कित्येक आठवडे जातात. कोड काचेच्या चौकटीत आतून लावा.

ज्या कामासाठी दिले, त्याच कामाला

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत कलम १२६७ मध्ये स्पष्ट आहे: श्रद्धावंतांनी विशिष्ट हेतूसाठी दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरायचे. त्याच संहितेत कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे, आणि कलम १२८७ प्रमाणे लोकांनी अर्पण केलेल्या मालमत्तेचा हिशेब लोकांना द्यावा लागतो. इतर मंडळ्यांच्या घटनांत कलमांचे आकडे वेगळे असतील, तत्त्व हेच.

व्यवहारात याचा अर्थ असा की वहीत प्रत्येक निधीला स्वतंत्र रकाना हवा: सर्वसाधारण, दुरुस्ती, गरीब साहाय्य, आणि चालू असलेले एखादे खास काम. बँकेत खाते एक असले तरी चालेल, वहीत एक चालत नाही. सर्वात जास्त घडणारी चूक म्हणजे वीजबिल भरायला घंटेच्या निधीतून "चार दिवसांसाठी" पैसे उसने घेणे. ते चार दिवस संपत नाहीत. दोन वर्षांनी घंटेसाठी दिलेले आजोबा विचारतात, घंटा कुठे आहे? आणि त्या दिवशी गावातल्या वीस घरांचा हात आखडतो.

खास निधीचे आवाहन करतानाच एक वाक्य छापा: काम रद्द झाले किंवा पैसे उरले तर ते कोणत्या कामाला जातील. हे वाक्य आधी नसेल तर नंतर प्रत्येक दात्याला विचारत फिरावे लागते.

महिन्यातून एकदा दारावर पाच ओळी लावा. या महिन्यात लागले इतके, आले इतके, दुरुस्ती निधीत इतके, गरजूंना गेले इतके, देणे बाकी इतके. खाली दोन सह्या. महिना तुटीचा असला तरी लावा. चांगल्या महिन्यांतच हिशेब लावायची सवय लागली तर कोऱ्या फळ्याचा अर्थ लोक आपोआप ओळखतात.

मागायचे कसे

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. नियमित, प्रत्येकाने, आणि मिळकतीच्या मानाने. या तिन्ही गोष्टी आजही तितक्याच व्यवहार्य आहेत, आणि आपल्याकडे बहुतेकदा तिसरीच गळते.

वर्षाचा खर्च १०८५ आणि घरे २००, म्हणून प्रत्येक घरामागे साडेपाच भाग असा सरसकट आकडा जाहीर करण्याचा मोह होतो. तो करू नका. ज्या घरी आजारपण आहे त्याला तो दंड वाटतो आणि ते घर लाजेने यायचे थांबते. ज्याला २० सहज जमले असते तो साडेपाच देऊन मोकळा होतो. काही घरे काहीच देणार नाहीत, त्यामुळे हिशेबही बसत नाही. आकडा ठरवून देण्यापेक्षा प्रमाण सुचवा: महिन्याच्या मिळकतीतला एक तास, एक दिवस, शंभरातले दोन, शंभरातले पाच. ज्यांना दशमांश देणे जमते आणि मनापासून वाटते ते देतीलच. दशमांश न देणाऱ्याला कमी विश्वासाचे ठरवणारे प्रवचन मात्र माणसे तोडते. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे मोल येशूने रकमेवरून केले नव्हते.

वार्षिक आवाहनाला सहा आठवडे द्या. पहिल्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास हिशेब मांडायचा, प्रश्न घ्यायचे, एकही पैसा मागायचा नाही. दुसऱ्या रविवारी एका सामान्य सभासदाने तीन मिनिटे बोलायचे, चर्चच्या एखाद्या कामाबद्दल, आणि ते लिहून आणायचे, नाहीतर तीनची तेरा होतात. तिसऱ्या आठवड्यात पत्र आणि संकल्पपत्र (वर्षभर किती देणार हे लिहायचा कागद) घरोघरी हातात द्यायचे. चौथ्या रविवारी धर्मगुरूंनी दानाविषयी प्रवचन द्यावे, त्यात तुटीचा उल्लेख नको. दान हा उपासनेचा भाग आहे आणि तूट हा समितीचा विषय आहे, दोन्ही एका वाक्यात आले की उपासनेची वसुली होते. पाचव्या रविवारी बंद पाकिटातली संकल्पपत्रे अर्पणाच्या वेळी वेदीजवळ आणायची. सहाव्या आठवड्यात आभाराची पत्रे आणि राहिलेल्यांकडे एकच फेरी.

हाताने पत्र देण्यावर इतका भर का? कारण पत्र द्यायला गेलेला माणूस दारात पाच मिनिटे उभा राहतो. आजी पडल्या आहेत, मुलगा परदेशी गेला, नोकरी सुटली, हे त्या पाच मिनिटांत कळते. तीस जणांनी सात-सात घरे घेतली की २०० घरांचे धर्मग्राम एका आठवड्यात पुरे होते. सोबत कोरी वही असावी, आणि जे कळले ते त्याच संध्याकाळी भेटी देणाऱ्या गटाकडे जावे. मोबाइलवर संदेश टाकून हे काम होत नाही.

संकल्पपत्रावर नाव, पाकीट क्रमांक, रक्कम, आठवड्याला की महिन्याला, पाकिटाने की बँकेतून, एवढेच. खाली ठळक अक्षरांत: हे कर्ज नाही, परिस्थिती बदलली तर कधीही कळवून बदलता येईल. आणि एक चौकोन असा हवाच: "यंदा पैसे देणे जमणार नाही, चर्चसाठी प्रार्थना करीन." ज्यांना हा चौकोन लागतो त्यांना तो नसल्याचे फार लागते. मागच्या बाजूला वेळ आणि कसब: वायरिंग येते, शिवण येते, हिशेब येतो, गाडी चालवता येते. ही बाजू भरून घेऊन वर्षभर कोणालाच बोलावले नाही, तर पुढच्या वर्षी ती कोरी येते.

अंदाजपत्रक संकल्पांच्या पूर्ण बेरजेवर बांधू नका, नऊ-दशांश धरा. काही घरे हलतील, काहींचे दिवस फिरतील.

रकमा कोणाला माहीत असाव्यात? नोंद ठेवणाऱ्या एका माणसाला, आणि त्याच्या आजारपणासाठी दुसऱ्या एकाला. धर्मगुरूंना माहीत असावे की नसावे यावर मते वेगळी आहेत. नसावे, असे आमचे ठाम मत आहे. ज्याला आकडा ठाऊक आहे त्याने आजाऱ्याच्या उशाशी बसताना तो विसरावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण एखाद्या घराचे नियमित अर्पण अचानक थांबले, एवढेच, रक्कम न सांगता, त्यांना कळवावे. तिथे भेट द्यायची आणि पैशाचा विषय काढायचा नाही. अर्पण थांबण्यामागे बहुतेकदा आजार, भांडण किंवा चर्चमध्ये कोणीतरी बोललेला कडू शब्द असतो.

वर्षातून एकदा नोंद ठेवणाऱ्याने नावे झाकून रकमा मोठ्याकडून लहानाकडे लावाव्यात. वरच्या दहा घरांकडून निम्म्याहून जास्त येत असेल तर चर्च दहा घरांवर उभे आहे. त्यातले एक घर रुसले की सगळे हलते, आणि ते घर हे जाणून असते. मग वेदीचा रंगही त्यांच्या पसंतीने ठरू लागतो. उपाय त्या दहा घरांकडून कमी घेणे हा नाही, उरलेल्या १९० घरांपर्यंत नीट पोहोचणे हा आहे.

बँकेतून परस्पर देणारे वाढले की अर्पणाच्या वेळी त्यांचे हात रिकामे राहतात आणि शेजारी बसलेली मुले देणे पाहतच नाहीत. त्यासाठी बाकांवर छोटी कार्डे ठेवा: "माझे अर्पण बँकेतून दिले आहे." ते थाळीत टाकायचे.

संस्कारांसाठीच्या देणगीबद्दल एकच: बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी यांत गरीब घराला पैशांअभावी कधीही अडवायचे नाही. संस्कारांबाबत धर्मसंहितेचे कलम ८४८ आणि अंत्यविधीबाबत कलम ११८१ हेच सांगते. दरपत्रक दारावर लावले असेल तर त्याखाली ही ओळही तितक्याच मोठ्या अक्षरांत लावा.

कार्यक्रम, सोडती, जेवणे जरूर करा, पण माणसे जमावीत म्हणून. एकदा प्रामाणिकपणे तास मोजा: चाळीस जणांनी पंधरा-पंधरा तास घालवले, म्हणजे ६०० तास. निव्वळ उरलेल्या रकमेला ६०० ने भागा. तो आकडा पाहिला की रोजचा खर्च कार्यक्रमांतून काढण्याचा हट्ट सुटतो.

पाणी कुठे जाते ते पाहा

इमारतीच्या बाबतीत एकाच शत्रूवर लक्ष ठेवले तरी पुरे: पाणी. मुसळधार पाऊस चालू असताना दोघांनी छत्री घेऊन चर्चभोवती एक फेरी मारावी. पन्हळीतून पाणी कुठे ओसंडते, भिंतीवर कुठे ओघळते, पायाशी कुठे साचते, हे कोरड्या दिवशी कोणत्याही तज्ज्ञाला इतके स्वच्छ दिसत नाही. फोटो काढा, तारीख घाला.

पन्हळी आणि उतरते नळ पावसाच्या हंगामाआधी एकदा आणि पानगळीनंतर एकदा साफ करा. पानांचा एक मूठभर बोळा नळाच्या तोंडाशी अडकला की पाणी भिंतीत मुरते, छपराच्या तुळईचे टोक कुजते, आणि शिडी-घमेल्यात भागणाऱ्या कामाऐवजी तुळई बदलण्याची वेळ येते. भिंतीत उगवलेले रोप उपटू नका, मुळासोबत चुना आणि दगड सुटतो. बुंध्याशी कापा आणि मूळ मारण्याची व्यवस्था करा. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो आत कोंडते, आणि काही वर्षांत दगडाचे किंवा विटेचेच पापुद्रे सुटू लागतात. ही चूक करणारे सगळे चांगल्या हेतूनेच करतात, स्वस्तात पक्के काम म्हणून.

इंग्लंडमध्ये १९५५च्या कायद्यानंतर तिथल्या अधिकृत चर्चच्या प्रत्येक इमारतीची दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासणी होते. तुमच्यावर असा नियम नसला तरी ही सवय उचलण्यासारखी आहे. अहवालात कामे तीन गटांत लावून घ्या: लगेच, दोन वर्षांत, पाच वर्षांत. वर सांगितलेला दुरुस्ती निधीचा कागद याच अहवालावरून सुधारत राहायचा.

शेजारात पाऊल

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर, सुमारे १५५ साली, रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. जमलेले दान प्रमुखाकडे ठेवले जाई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची काळजी घेतली जाई. थाळीचा मूळ उपयोग हा आहे. वीजबिल नंतर आले. म्हणून उत्पन्नातला किमान दहावा हिस्सा वर्षाच्या सुरुवातीलाच बाहेरच्या कामासाठी बाजूला काढा. शेवटी उरेल ते देऊ म्हटले तर शेवटी काही उरत नाही.

काम निवडताना समितीत बसून कल्पना काढू नका. चालत पंधरा मिनिटांत पोहोचता येईल एवढा परिसर धरा आणि पंधरा माणसांना भेटा: मुख्याध्यापिका, दवाखान्यातली नर्स, सफाई कामगार, दुकानदार, रिक्षा किंवा बस चालवणारा, एकट्या राहणाऱ्या वृद्धा, इतर धर्मांचे शेजारी. तीनच प्रश्न विचारा. इथे कोणाचे हाल होतात? त्यासाठी सध्या कोण काय करते? आमच्या चर्चविषयी तुम्हाला काय वाटते? तिसरे उत्तर ऐकताना खुलासे द्यायचे नाहीत. "ते कुलूप लावलेलेच असते" हे उत्तर फार ठिकाणी मिळते. एका आठवड्यात चर्चचे आवार किती तास उघडे आणि किती तास बंद असते हे मोजून पाहा, मग ते उत्तर पटते.

मग एकच काम घ्या. निकष साधा: सहा माणसे दर आठवड्याला वर्षभर ते करू शकतील का? उत्साहात पाच कामे सुरू होतात, चौथ्या महिन्यात चार बंद पडतात, आणि ज्यांना अर्ध्यावर सोडले ते पुन्हा दारात येत नाहीत. आधी बारा आठवडे चालवून पाहा आणि तसे सगळ्यांना सांगून ठेवा.

उदाहरणादाखल शाळा सुटल्यानंतरची अभ्यासिका. ज्या मुलांच्या घरी बसायला कोपरा नाही त्यांच्यासाठी चर्चचे सभागृह आठवड्यातून दोन दिवस, दीड तास. वीस मुलांमागे तीन मोठी माणसे, आणि कोणत्याही क्षणी किमान दोन. एकच मोठा माणूस आला असेल तर त्या दिवशी अभ्यासिका भरत नाही, कितीही वाईट वाटले तरी. दार उघडे किंवा काचेचे. हजेरीपट, पालकांचा फोन, मुलाला घ्यायला कोण येणार याची नोंद. मदतनिसांची ओळख आणि पूर्वचौकशी आधी, काम नंतर, मग तो समितीच्या अध्यक्षांचा भाऊ का असेना. मुले दमून येतात, म्हणून पहिली दहा मिनिटे पाणी, खाऊ आणि गप्पा. सर्वात जास्त काय बिघडते? मदतनीस अभ्यास घेण्याऐवजी उत्तरे सांगू लागतात, आणि मोठी मुले लहानांच्या गोंगाटाने येणे सोडतात. दोन खोल्या नसतील तर दोन वेगळे दिवस करा.

कोणत्याही मदतीला चर्चमध्ये येण्याची अट नसावी. घेणाऱ्याचे फोटो दारावर किंवा समाजमाध्यमांवर नकोत. ज्याने पोरांसाठी हात पसरला त्याचा चेहरा सगळ्या वस्तीने पाहावा हे कोणत्याही दानाच्या बदल्यात मागता येत नाही. मदतीची यादी कोण ठेवतो हे ठरलेले असावे. प्रेषितांच्या काळात यरुशलेममध्ये ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटत होत्या. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी सात जणांना नेमून ते काम सोपवले. आपल्याही यादीतून जे सुटतात ते बहुतेक वेळा दुसरी भाषा बोलणारे, नवे आलेले किंवा एकटे असतात.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या भेटी या कामाला एक पैसाही लागत नाही. दोघांनी मिळून जावे, पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास, ठरलेल्या वारी. ठरलेला वार महत्त्वाचा, कारण ते माणूस त्या दिवशी सकाळपासून केस विंचरून बसलेले असते.

सभागृह बाहेरच्यांना द्यायचे असेल तर तीन दर ठेवा: शेजारच्या सेवाभावी कामाला नाममात्र, सभासदांना मध्यम, व्यावसायिक वापराला पूर्ण. लेखी करार, अनामत, आणि वीज कोण भरणार ते आधी. प्रत्यक्ष उपासनेची जागा मात्र वेगळी. तिथे उपासनेशी विसंगत काही चालत नाही.

नवीन आलेल्या माणसाला पहिले तीन महिने पाकीट देऊ नका. नाव विचारा, पुढच्या रविवारी त्या नावाने हाक मारा, आठवड्याच्या आत एक फोन करा. एवढे तीन जणांनी मनावर घेतले तरी होते.

धर्मगुरू बदलतात तेव्हा

बरीच चांगली घडी बदलीच्या महिन्यात विस्कटते, कारण सगळे एका माणसाच्या डोक्यात असते. यासाठी खजिनदार, सचिव आणि प्रत्येक कामाचा प्रमुख ठरावीक मुदतीचा असावा, तीन वर्षांचा, फार तर एकदा वाढवून, आणि शेवटच्या वर्षी त्याच्या शेजारी पुढचा माणूस शिकत बसलेला असावा. वीस वर्षे एकहाती हिशेब सांभाळणारा कितीही सज्जन असो, तो गेल्यावर वही कोणाला वाचता येत नाही.

एक फाइल कायम तयार ठेवा. एका रविवारच्या खर्चाचा कागद, चारही निधींच्या शिलका, दात्यांनी घातलेल्या अटी, पाच वर्षांचा तपासणी अहवाल, विमा आणि जमिनीचे कागद कुठे आहेत, सभागृहाचे चालू करार, भेटी देण्याच्या घरांची यादी, कर्मचाऱ्यांना कबूल केलेल्या गोष्टी. किल्ल्यांची नोंद वेगळी: प्रत्येक किल्लीला क्रमांक, कोणाकडे आहे, कधी दिली. बदलीच्या दिवशी जुने आणि नवे धर्मगुरू, आर्थिक समितीचे दोघे आणि सचिव एका टेबलाशी बसतात, तिजोरी उघडून रोख मोजतात, किल्ल्या मोजतात, पाचही जण सह्या करतात. बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात बदलून घ्यायच्या. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला फोन नंबरही त्याच दिवशी बदलायचा. तो नंबर कोणा एकाचा खासगी नसावा, चर्चच्या फोनचा असावा.